उत्तर बरोबर, तरी गाडी हुकली: 'व्हील ऑफ फॉर्च्यून'मधला २०२१चा ऑडी वाद

२१ डिसेंबर २०२१ रोजी अमेरिकेत दाखवलेल्या 'व्हील ऑफ फॉर्च्यून' या टीव्हीवरच्या शब्दकोड्यांच्या स्पर्धेच्या भागात एका महिला स्पर्धकाने बोनस फेरीतल्या कोड्याचे चारही शब्द बरोबर सांगितले. क्रम बरोबर होता, उच्चार स्पष्ट होता. तरी उत्तर नाकारलं गेलं आणि ऑडी क्यू-३ ही गाडी तिच्या हातून गेली. शेवटचा शब्द उच्चारण्याआधी ती थांबली होती आणि तो थांबा नियमात बसत नव्हता, एवढंच कारण होतं.

या कार्यक्रमाच्या निकालांवरून चाहत्यांचे वाद नेहमीच होतात. त्यातलं हे प्रकरण अभ्यासाला सगळ्यात चांगलं वाटतं, कारण इथे काय घडलं याबद्दल कुणाचंच दुमत नाही. स्पर्धक काय म्हणाली ते सगळ्यांनी ऐकलं. ती थांबली हेही सगळ्यांनी पाहिलं. नियम होता, हेसुद्धा कुणी नाकारलं नाही. इतकं सगळं मान्य असताना लाखो लोक दोन बाजूंना का उभे राहिले, हा खरा प्रश्न आहे.

खेळ कसा चालतो

'व्हील ऑफ फॉर्च्यून' मर्व्ह ग्रिफिन यांनी तयार केला आणि ६ जानेवारी १९७५ला तो एनबीसी या अमेरिकी वाहिनीवर सुरू झाला. पाया हँगमनचा: फलकावर रिकामी घरं, एकेक अक्षर मागायचं, वाक्प्रचार ओळखायचा. त्याला भल्यामोठ्या चक्राची जोड दिली, म्हणजे बुद्धीबरोबर नशीबही आलं. पॅट सजॅक १९८१च्या अखेरीस सूत्रसंचालक झाले, व्हॅना व्हाइट १९८२ पासून फलकाजवळ उभ्या आहेत. सजॅक २०२४मध्ये निवृत्त झाले. चार दशकं तोच चेहरा आणि तोच आवाज, त्यामुळे अमेरिकेतल्या कित्येक घरांत रात्रीच्या जेवणाच्या सुमारास हा कार्यक्रम लागलेला असतो. प्रेक्षक तो नुसता पाहत नाहीत, टीव्हीसमोर बसून मोठ्याने उत्तरं देतात. निकालाबद्दल त्यांना इतकं लागतं ते यामुळेच.

मुख्य फेऱ्यांत तीन स्पर्धक एकमेकांविरुद्ध खेळतात. सगळ्यात जास्त कमाई करणारा बोनस फेरीत जातो आणि तिथे तो एकटा असतो. आर, एस, टी, एल, एन आणि ई ही सहा अक्षरं १९८८ पासून आपोआप मिळतात. आणखी तीन व्यंजनं आणि एक स्वर मागायचा, मग दहा सेकंदांत उत्तर द्यायचं. या दहा सेकंदांत कितीही अंदाज करता येतात. चुकीच्या अंदाजाला दंड नाही. पुढे ही गोष्ट फार महत्त्वाची ठरणार आहे.

त्या दिवशीचं कोडं होतं 'चूझिंग द राइट वर्ड', म्हणजे योग्य शब्द निवडणं. वर्ग होता 'तुम्ही काय करताय?' या प्रकारचा, त्यामुळे पहिला शब्द 'इंग'ने संपणार हे जाणकाराला लगेच कळतं. एकूण वीस अक्षरं. दिलेल्या सहा अक्षरांनी त्यातली सातच उघडतात. पहिल्या शब्दात पाचव्या घरात एस आणि सातव्यात एन. दुसऱ्या शब्दाच्या दोन टोकांना टी आणि ई, म्हणजे 'द' जवळजवळ नक्की. तिसऱ्याच्या सुरुवातीला आर, शेवटी टी. चौथ्या शब्दात चार घरं आणि तिसऱ्या घरात एकटा आर.

या चौथ्या शब्दापाशी जरा थांबायला हवं. फुकट मिळालेली सहा अक्षरंच धरली, तर चार अक्षरांचे आणि तिसऱ्या घरात आर असलेले किती शब्द बसतात पाहा: कार्ड, फॉर्म, फर्म, वर्क, फॉर्क, कॉर्ड, वर्ड. आणि 'चूझिंग द राइट' यानंतर यांतला जवळपास कुठलाही अर्थाला धरून चालतो. या कोड्याचे पहिले तीन शब्द झटकन दिसतात, पण चौथा नेमका कोणता हे ते तीन शब्द सांगत नाहीत. स्पर्धकाने मागितलेल्या अक्षरांची त्यात भर पडली, तरी अडचण शेवटच्या चार घरांचीच राहिली.

तिने आधी 'चूझिंग द राइट कार्ड' असं म्हटलं. ते चूक होतं. मग तिने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली, 'चूझिंग द राइट' इथवर आली, अडली, आणि काही क्षणांनी 'वर्ड' म्हणाली.

सजॅक यांनी तिथेच निकाल सांगितला. तू सगळे शब्द बरोबर बोललीस, 'वर्ड' हा शब्दही बोललीस, पण उत्तर साधारण सलग यावं लागतं. थोडं थांबलेलं आम्ही चालवून घेतो, चार-पाच सेकंद मात्र नाही, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. हे ठरवणं अवघड जातंय, हेही ते म्हणाले. त्यानंतर रीतीप्रमाणे बक्षिसाचं पाकीट उघडलं गेलं आणि गाडीचं नाव दिसलं. स्पर्धक आधी जिंकलेले १६,५०० डॉलर घेऊन परतली.

दोन बाजू

गाडी हुकल्याचं दृश्य समाजमाध्यमांवर झपाट्याने पसरलं. नापसंतीचा सूर मोठा होता आणि त्यात या खेळांतली जाणती मंडळीही होती. 'जेपर्डी!' या, ग्रिफिन यांच्याच दुसऱ्या कार्यक्रमाचे माजी विजेते अ‍ॅलेक्स जेकब यांनी ट्विटरवर लिहिलं की या बाईने योग्य शब्दच तर निवडला, तिला गाडी द्या. कोड्याचा अर्थ आणि घडलेला प्रसंग इतका जुळून आला होता की हे वाक्य हजारो लोकांनी पुढे पाठवलं.

नापसंती दाखवणाऱ्यांचं म्हणणं थोडक्यात असं होतं: खेळ शब्द ओळखण्याचा आहे, तिने शब्द ओळखला. सजॅक यांनी नकाराचं कारण म्हणून थांब्याचं नाव घेतलं, वेळ संपल्याचं नाही. मग दहा सेकंदांचं घड्याळ असताना त्याच्या आत आणखी एक न दिसणारं घड्याळ कशासाठी?

दुसरी बाजू संख्येने लहान होती, पण तिला खेळ आतून माहीत होता. वर्षानुवर्षं रोज हा कार्यक्रम पाहणाऱ्यांना सलग उत्तराचा नियम पाठ आहे. स्पर्धकांना चित्रीकरणाआधी नियम समजावून सांगितले जातात, आणि सजॅक यांनीही 'तुला माहीत आहेच' अशा अर्थाचे शब्द वापरले होते. या नियमावर याआधी इतरांचीही उत्तरं गेली आहेत. आज एकीला सूट दिली, तर त्या सगळ्यांना काय सांगायचं? हा प्रश्न बिनतोड आहे, आणि भावनेच्या भरात तो बाजूला सारणाऱ्यांनी परीक्षकांवर अन्याय केला असं मला वाटतं. परीक्षकाला त्या क्षणी नियम बदलता येत नाही. नियम असेल तसा लावणं हेच त्याचं काम. त्या संध्याकाळी परीक्षक चुकले नाहीत.

पण म्हणून वाद संपत नाही. नियम नीट लावला गेला का, हा एक प्रश्न. तो नियम त्या जागी असावा का, हा दुसरा. बहुतेक भांडण झालं ते यामुळे, की एक बाजू पहिल्या प्रश्नाचं उत्तर देत होती आणि दुसरी बाजू दुसरा प्रश्न विचारत होती.

सलगपणाचा नियम कशासाठी

मुख्य फेरीत या नियमाला भक्कम कारण आहे. तिथे उत्तर द्यायची संधी एकदाच मिळते. चुकलं की पाळी शेजारच्याकडे जाते, आणि शेजारचा तेवढ्यासाठीच टपून बसलेला असतो. एखाद्याने तुकड्या-तुकड्याने उत्तर द्यायला सुरुवात केली, तर प्रत्येक तुकड्यानंतर त्याला सूत्रसंचालकाचा चेहरा वाचता येईल, प्रेक्षकांत उमटलेला हुंकार ऐकता येईल आणि त्यावरून पुढचा शब्द बदलता येईल. चाचपडत चाचपडत कोडं सुटेल, आणि ज्याला पूर्ण उत्तर माहीत आहे तो शेजारी बसून बघत राहील. म्हणून एका दमात बोला, हा नियम तिथे हवाच.

बोनस फेरीत यातलं काहीच लागू होत नाही. शेजारी प्रतिस्पर्धी नाही. पाळी जाण्याचा धोका नाही. उलट अंदाजावर अंदाज करण्याची मुभा खेळानेच दिली आहे. चाचपडणं म्हणजे लबाडी, हे मुख्य फेरीत खरं आहे. बोनस फेरी तर चाचपडण्यासाठीच बनवलेली आहे. त्या चाचपडण्याला मर्यादा घालायला दहा सेकंद पुरेसे आहेत.

यावर जाणत्या चाहत्यांचा एक आक्षेप असतो आणि तो हलका नाही. सलगपणाची अट काढली, तर स्पर्धक 'चूझिंग द राइट' एकदा म्हणेल आणि मग नुसती शेवटच्या शब्दांची माळ लावेल: कार्ड, फॉर्म, वर्क, वर्ड. दर वेळी पूर्ण वाक्प्रचार म्हणण्याचा वेळ वाचेल, अंदाज दुप्पट होतील. मान्य. पण ही स्पर्धक तसं काहीच करत नव्हती. 'कार्ड' चुकल्यावर नुसतं 'वर्ड' म्हणून तिने काम भागवलं नाही. ती पुन्हा पहिल्या शब्दापासून आली. अख्खा वाक्प्रचार म्हणायची शिस्त तिने पाळली होती. आधीचे शब्द आणि 'वर्ड' यांच्यामध्ये तिने दुसरा कुठला शब्द घातला नाही. मध्ये होती ती शांतता, आणि त्या शांततेत तिला कुणीही काही सुचवलं नाही. माळ लावणं थांबवायचं असेल तर ती अट वेगळी लिहिता येते. शांततेला शिक्षा करून ती साधत नाही.

मोजमापाचाही प्रश्न आहे. 'साधारण सलग' म्हणजे किती? सजॅक यांच्या शब्दांतूनच दोन टोकं कळतात: थोडा थांबा चालतो, चार-पाच सेकंद चालत नाहीत. मधल्या दोन-तीन सेकंदांचं काय? ते परीक्षकांच्या कानावर सोडलेलं आहे. फलकावरचं अक्षर उघडलं की नाही यात वाद होत नाही, बझर वाजला की नाही यातही नाही. पण 'साधारण' हा शब्द जिथे आला तिथे प्रत्येक प्रेक्षक परीक्षक होतो, आणि गाडी हुकलेली पाहिल्यावर तो कुठल्या बाजूला झुकेल हे सांगायला नको.

उच्चारांची प्रकरणं वेगळी का

हा वाद झाला तेव्हा चाहत्यांनी जुनी प्रकरणं उकरून काढली. डिसेंबर २०१२मध्ये अमेरिकी नौदलात काम करणाऱ्या एका स्पर्धकासमोर नाताळच्या एका गाण्यातली ओळ होती: सात हंस पोहताहेत. तिने 'स्विमिंग'ऐवजी 'स्विमिन' म्हटलं, शेवटचा 'जी' गिळला, असं परीक्षकांनी ठरवलं आणि ३,८५० डॉलर गेले. २०१४मध्ये महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या आठवड्यात एका मुलासमोर 'मिथॉलॉजिकल हीरो अकिलीझ' हे कोडं सगळीच्या सगळी अक्षरं उघडून उभं होतं. नुसतं वाचायचं होतं. त्याने अकिलीझ 'च'काराने वाचलं, उत्तर बाद झालं आणि प्रतिस्पर्ध्याने ते नीट वाचलं. एकमेकांना छेदणारे शब्द ओळखायच्या क्रॉसवर्ड फेरीतही असाच काटेकोरपणा आहे: फलकावरचे शब्द तेवढेच म्हणायचे, मध्ये 'आणि' घातलं तरी उत्तर जातं.

सगळ्यांनी ही प्रकरणं एकाच टोपलीत टाकली, ते मला पटत नाही. हंसांच्या प्रकरणात भांडण बोलीचं होतं. अमेरिकेच्या दक्षिणेत कोट्यवधी लोक शेवटचा 'जी' गाळूनच बोलतात; त्यांच्या तोंडचं 'स्विमिन' आणि फलकावरचं 'स्विमिंग' हा एकच शब्द आहे. तिथे परीक्षकांनी एका प्रांताच्या जिभेला चूक ठरवलं, आणि तो निकाल मला आजही अन्यायाचा वाटतो. अकिलीझच्या बाबतीत उलट आहे. ते नाव त्या मुलाला माहीतच नव्हतं, आणि बरोबर वाचणं हाच खेळ असेल तर चुकीचं वाचणं ही चूकच. ऑडीच्या प्रकरणात ना बोलीचा प्रश्न होता, ना ज्ञानाचा. प्रश्न फक्त वेळेचा होता, आणि वेळ मोजायला घड्याळ आधीच चालू होतं.

गाडी कुणी दिली

निकालानंतर दोन दिवसांच्या आत ऑडीच्या अमेरिकेतल्या कंपनीने जाहीर केलं की आमच्या लेखी ती विजेतीच आहे, आम्ही तिला क्यू-३ देतो. बहुतेक लोकांनी इथे टाळ्या वाजवल्या आणि प्रकरण मिटलं असं धरलं.

ही गाडी कार्यक्रमाने दिली नाही. निकाल बदलला नाही. कंपनीने बाहेरून, आपल्या खिशातून गाडी दिली. हा भेद किरकोळ वाटेल, पण अमेरिकी टीव्हीच्या इतिहासात त्याला फार मोठा अर्थ आहे. १९५०च्या दशकात तिथले प्रश्नोत्तरांचे कार्यक्रम बेसुमार लोकप्रिय होते आणि त्यांवर प्रायोजकांचा ताबा होता. जेरिटॉल या टॉनिकच्या पैशावर चालणाऱ्या 'ट्वेंटी-वन'मध्ये हर्बर्ट स्टेम्पेल नावाच्या विजेत्याला डिसेंबर १९५६मध्ये हरायला सांगितलं गेलं. माहीत असलेलं उत्तर त्याने चुकीचं दिलं, कारण प्रेक्षकांना अधिक आवडेल असा चार्ल्स व्हॅन डोरेन हा प्राध्यापक पुढे आणायचा होता. नोव्हेंबर १९५९मध्ये व्हॅन डोरेनने अमेरिकी संसदेच्या उपसमितीसमोर सगळं कबूल केलं. लोक हादरले. १९६०मध्ये कायदा दुरुस्त होऊन अशा स्पर्धांचे निकाल आधी ठरवणं हा गुन्हा झाला.

त्या पार्श्वभूमीवर विचार करा: गाड्या पुरवणाऱ्या कंपनीच्या सांगण्यावरून, किंवा लोकांच्या गोंगाटावरून, 'व्हील'ने प्रसारणानंतर निकाल फिरवला असता तर काय पायंडा पडला असता? आज दयेपोटी फिरवलेला निकाल उद्या जाहिरातीपोटी फिरवता येतो. म्हणून कार्यक्रमाने निकाल राखला हे योग्यच झालं. ऑडीने गाडी दिली हेही चांगलं झालं. स्पर्धकाला तिच्या हक्काचं वाटणारं मिळालं, कंपनीला वर्षभराच्या जाहिरातीत मिळणार नाही इतकं कौतुक मिळालं.

पण मूळ तक्रारीचं उत्तर यातून मिळालं नाही, उलट ती तक्रार गप्प झाली. गाडी मिळताच लोकांनी नियमाबद्दल बोलणं सोडलं. हाच नियम लागून ज्यांची उत्तरं यापूर्वी गेली, ज्यांची क्लिप कुठे पसरली नाही, ज्यांच्या पाकिटात ऑडीऐवजी नुसती रोख रक्कम होती, त्यांच्यासाठी कुठलीही कंपनी पुढे येणार नव्हती. सहानुभूतीने दिलेलं बक्षीस एकालाच मिळतं. नियम सुधारला तर तो पुढच्या प्रत्येकाला मिळतो. चाहत्यांच्या रागात ताकद होती. ती गाडीवर खर्च झाली, नियमापर्यंत पोचलीच नाही, याचं मला खरोखर वाईट वाटतं.

तीनच महिन्यांत वारं उलटं फिरलं. मार्च २०२२मध्ये तीन स्पर्धकांना एक साधा, रोजच्या वापरातला वाक्प्रचार बराच वेळ सुटेना, तेव्हा डिसेंबरमध्ये स्पर्धकाच्या बाजूने उभं राहिलेलं तेच समाजमाध्यम त्यांची टर उडवू लागलं. सजॅक यांनी ट्विटरवर सविस्तर लिहून त्यांची बाजू घेतली. प्रखर दिवे, चालू घड्याळ, देशभर पाहणारे लोक, अशा वेळी समोरचं दिसेनासं होतं हे घरी सोफ्यावरून कळत नाही, असं त्यांचं सांगणं होतं. ते अगदी खरं आहे. आणि हेच कारण बोनस फेरीतल्या थांब्यालाही लागू पडतं. डोक्यात शब्द शोधताना माणूस गप्प होतो. ती शांतता म्हणजे विचार आहे, आणि दहा सेकंदांत विचार करायला सांगणं हाच तर त्या फेरीचा खेळ आहे.

म्हणून मुख्य फेरीत नियम आहे तसाच राहू द्यावा. बोनस फेरीत मात्र तीनच गोष्टी तपासाव्यात: वाक्प्रचार पहिल्या शब्दापासून म्हटला का, मध्ये चुकीचा शब्द आला का, आणि शेवटचा शब्द बझरच्या आत पडला का. पहिल्या दोन अटींनी शब्दांची माळ लावणं बंद होतं, तिसरी अट घड्याळ सांभाळते. परीक्षकांना सेकंदांचा अंदाज करावा लागणार नाही, आणि सूत्रसंचालकाला 'हे अवघड जातंय' असं म्हणत बरोबर उत्तर नाकारावं लागणार नाही.